पुसण्याआधीची ओळ

त्या चार ओळी यंत्रानं लिहिल्या होत्या, असं अहवालात होतं. धर्मपालनं ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं आणि हातातला कप खाली ठेवला. कप बशीत नीट बसला नाही, थोडा चहा टेबलावर सांडला, आणि तो त्या चहाकडे बघत राहिला. चहा टेबलाच्या कडेकडे सावकाश सरकत होता. पुसायला हवा, असं त्याला वाटलं, पण हात उठला नाही. पान नववं, परिच्छेद तिसरा. ‘साठा पुसून टाकण्याआधी तो रिकामा आहे का हे तपासणाऱ्या चार ओळी मार्च महिन्यात यंत्राने लिहिल्या होत्या. सप्टेंबरमध्ये लुबना वाहेद यांनी यंत्र पुन्हा चालवले तेव्हा त्या आल्या नाहीत. त्यांच्या लॅपटॉपवरील यंत्राची प्रत सदोष असावी किंवा चालवण्यात चूक झाली असावी.’ इतकं स्वच्छ लिहिलं होतं. कुठे आवाज चढलेला नव्हता. उजव्या हाताच्या तर्जनीच्या टोकाशी त्याला बारीकशा मुंग्या आल्यासारखं झालं. त्या चार ओळी त्या बोटानं लिहिल्या होत्या. यंत्रानं नाही.

चहा कडेवरून खाली पडला. एक थेंब, मग थांबून दुसरा.

तो कसलं काम करतो हे त्यानं रविवारी गच्चीवर गणित शिकायला येणाऱ्या मुलांना एकदा सांगितलं होतं. वर्गात पाच बाकं हवीत, असं कागदावर लिहिलेलं आहे असं समजा. एक माणूस दारात उभा आहे. तो कागद बघतो, वर्ग बघतो. वर्गात चारच बाकं असली तर एक आणून ठेवतो. सहा असली तर एक बाहेर काढतो. पुन्हा कागद बघतो, पुन्हा वर्ग बघतो. दिवसभर हेच. थकत नाही, कंटाळत नाही. असा माणूस म्हणजे नियंत्रक. फक्त तो माणूस नाही, प्रोग्राम आहे, आणि वर्ग म्हणजे कुठल्यातरी लांबच्या इमारतीतली हजारो यंत्रं, ज्यांना लोक क्लाऊड म्हणतात. मुलं हसली होती. दारातल्या माणसाला कंटाळा येत नाही हे त्यांना पटत नव्हतं. मग पहिल्या रांगेतली एक बारकी मुलगी म्हणाली, “सर, पण कागदावर लिहायचंच राहून गेलं तर? बाकावर कोणी बसलेलं असलं तर?” तेव्हा तो तिला शाबास म्हणाला होता. चांगला प्रश्न आहे, म्हणाला होता. उत्तर काय दिलं ते आता काही केल्या आठवेना. बहुतेक दिलंच नव्हतं. घंटा नसलेल्या त्या वर्गात कोणीतरी खालून आलेली आईची हाक ऐकली आणि सगळी पळाली होती.

असे नियंत्रक आता हातानं लिहीत नाहीत. दोनशे प्रकारच्या वस्तू, प्रत्येकीचा वेगळा नियंत्रक, हातानं लिहायचं म्हटलं तर जन्म पुरायचा नाही. म्हणून एक यंत्र आहे, तेही प्रोग्रामच. क्लाऊडवाले आपल्या वस्तूंचं वर्णन देतात, ते वर्णन या यंत्रात घालायचं, ते दोन मिनिटांत हजारो ओळी लिहून देतं. सगळ्या एकाच वळणाच्या. प्रत्येक फाईलच्या डोक्यावर सूचना असते: ही फाईल यंत्राने लिहिली आहे, हात लावू नये. कारण साधं आहे. पुढच्या वेळी यंत्र चाललं की जुनी फाईल जाते आणि नवी येते. मध्ये कोणी हातानं काही लिहिलं असेल तर तेही जातं, आणि गेलं म्हणून कोणी सांगत नाही. आपलं काही घालायचं असेल तर ते वेगळ्या फाईलमध्ये लिहायचं आणि यंत्राच्या मांडणीत नोंदवायचं, की बाबा, अमुक ठिकाणी हे माझं घे. मग यंत्र ते दरवेळी घेतं. अर्धा दिवस लागतो, कारण सगळं पुन्हा तपासावं लागतं. धर्मपालनं हे शंभर वेळा शिकवलं होतं. हाताखालच्या लुबनाला पहिल्याच आठवड्यात. आणि मार्चमध्ये, शुक्रवारी दुपारी दोन वाजता, वारलेल्या बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीसाठी अकोल्याला पोचायचं होतं, गाडी गाठायची होती, तेव्हा त्यानं यंत्रानं नुकतीच लिहिलेली फाईल उघडली आणि पुसण्याच्या आज्ञेच्या वर त्या चार ओळी हातानं लिहून टाकल्या. साठ्यात काही असेल तर थांब आणि विचार. सोमवारी नीट जागी नेऊ. यंत्राच्या फाईली यंत्राच्याच नावावर जमा होतात, त्यात त्याही जमा झाल्या. गाडी मिळाली. वेळेवर पोचला. वंदना चालू असताना त्या चार ओळी एकदा त्याच्या डोळ्यांसमोर आल्याही होत्या.

सोमवारी नेल्या नाहीत. जूनमध्ये आठवलं होतं, मोर्शीहून कोणाच्या तरी लग्नाहून परतताना, बसमध्ये. तेव्हा पुढच्या आठवड्यात, असं म्हणाला होता स्वतःशी. हे विसरणं नव्हतं. तो विसरला असता तर बरं झालं असतं.

अकरा दिवसांपूर्वी एका कर्करोग उपचार संस्थेच्या लोकांनी आपल्या कागदातलं एक जुनं नाव काढून नवं घातलं. नियंत्रकानं कागद पाहिला, साठा पाहिला, जुन्या नावाचा साठा कागदावर नव्हता आणि थांबवणाऱ्या चार ओळी आता नव्हत्या, म्हणून तो पुसला. राखीव प्रतही त्याच जुन्या नावाखाली होती, तीही पुसली. त्यानं काहीच चूक केली नाही. सात वर्षांत काढलेली रोग्यांच्या शरीराच्या आतली चित्रं गेली. गाठ मागच्या वर्षी केवढी होती आणि आज केवढी आहे, हे सांगणारं दुसरं काही त्या डॉक्टरांजवळ नव्हतं. अहवालात आकडा होता, एकेचाळीस हजार रोगी. धर्मपालला आकडा दिसत नव्हता. त्याला एक बाई दिसायची, फाईल मांडीवर घेऊन बाकावर बसलेली. डॉक्टर तिला म्हणतात, मागचा फोटो नाही, आता काय सांगू. ती फाईलची नाडी बांधते. रोज दिसायची. नाडी बांधताना तिची बोटं घाई करत नसत.

नऊ वाजता पुण्याहून ज्योत्स्ना मॅडमचा फोन आला. मॅडम प्रकल्पाच्या प्रमुख. वाईट बाई नव्हत्या. “धर्मपाल, अहवाल वाचलात? पाचच्या आत तुमची मान्यता हवी. क्लायंटला आज नाव द्यायचंय.” तो म्हणाला, वाचला. “तुमच्यावर काही नाहीये, पान बारा बघा. अकरा हजार ओळींच्या बदलात चार ओळी गेल्याचं तपासणाऱ्याच्या लक्षात येणं अपेक्षित नाही, असं मी मुद्दाम घातलंय.” तपासणारा तोच होता. सप्टेंबरमध्ये लुबनाचे बदल त्यानंच पडद्यावर नुसते वरखाली सरकवून मान्य केले होते. तो म्हणाला, “मॅडम, मार्चची प्रत एकदा इथे चालवून बघायची का?” हे बोलताना तो टेबलावरचा चहाचा डाग नखानं खरवडत होता. “आता वेळ कुठेय? आणि ती पोरगी तेच म्हणतेय. चार वेळा चालवली, ओळी येतच नाहीत. अहो, तिच्याच मशीनवर येत नाहीत, तेच तर आपण म्हणतोय! बरं, ती अकोल्याला घरी आहे, तुम्हीही तिकडचेच ना? तिचा लॅपटॉप घेऊन या. कुरियरच्या भरवशावर नको. आणि तिच्याशी नीट बोला. तुम्हाला मानते ती.”

त्याची बायको नीलम कपड्यांची घडी घालता घालता ऐकत होती. “तुमी काहून जाऊन राहिले? दुसरा कोनी नाही का त्या ऑफिसात?” तो म्हणाला, अकोला जवळ आहे. “जवळ तर हाय. पन तुमचा चेहरा पाह्यला का? बाबा गेले तवा बी असा नव्हता.” त्यानं फोन खिशात टाकला. ती म्हणाली, “तिची काही चूक नसंन तर तसं सांगा ना मग सायेबाले. तुमी सीनियर हा.” आणि घडी घातलेला शर्ट तिनं त्याच्या हातात दिला. सगळं किती सरळ होतं. पायजम्यावर उभा असलेला माणूस एवढं सरळ वाक्य उचलू शकत नाही, म्हणून त्यानं आधी शर्ट घातला.

बस बडनेऱ्याच्या पुढे निघाली आणि ऊन काचेतून गुडघ्यावर आलं. ऑक्टोबरचं, चिकट. दोन्हीकडे सोयाबीन निघालेली रानं, पिवळट, केस कापल्यासारखी. सांगायचं, त्यानं ठरवलं. लुबनाला आधी सांगायचं, तिच्या वडिलांच्या देखत, मग तिथूनच मॅडमला. ठरवल्यावर छाती मोकळी झाली आणि ती मोकळी होताच त्याला भूक लागली. मूर्तिजापूरला त्यानं उतरून दोन भजी खाल्ली. भजी खाताना त्याला आपण बरे आहोत असं वाटलं. पुन्हा बसल्यावर विचार आला, की चव्वेचाळीसाव्या वर्षी कोण घेतं कामाला. ती तर सव्वीसची आहे. तिला दुसरं मिळेल. हा विचार त्यानं केला नव्हता, तो शेजारच्या रिकाम्या जागेवर कोणीतरी येऊन बसावं तसा आला, आणि बोरगावपर्यंत उठला नाही. त्याच्या अंगाचा त्याला वास येत होता.

बाबा, म्हणजे किसनराव गुरुजी, अकोल्यात चौथीला शिकवायचे. जूनमध्ये नवी पुस्तकं आली की ते पेन्सिल घेऊन बसत. गणिताच्या पुस्तकात मागे दिलेल्या उत्तरांत तीन उत्तरं चुकीची होती, आणि वर्गातल्या बेचाळीस मुलांची बेचाळीस पुस्तकं घरी आणून ते प्रत्येकात ती तीन उत्तरं खोडून नीट लिहीत. कंदिलाच्या काचेसारखं स्वच्छ अक्षर. धर्मपाल शेजारी बसून पेन्सिलींना टोक करून द्यायचा. लाकडाच्या सालींचा वास, पुस्तकांच्या नव्या शाईचा वास. बाबांकडून तो काय शिकला असं कोणी विचारलं तर तो हेच सांगायचा: चूक दिसली की आपल्या हातानं दुरुस्त करायची, कोणाची वाट पाहायची नाही. आणि दुसरं, रिकामी ओळ. बाबा मुलांना सांगत, उत्तर लिहिण्याआधी एक ओळ सोडा. तेवढ्यात डोळा थांबतो. डोळा थांबला की डोकं थांबतं. पुढे धर्मपाल प्रोग्राम लिहू लागला तेव्हा त्याच्याही हाताला ते लागलं. जिथे काही पुसायचं असेल तिथे त्या आज्ञेच्या वर एक ओळ रिकामी. यंत्राला तिचं काही नाही, ते रिकाम्या ओळी वाचत नाही. माणसासाठी. लुबना कॉलेजमधून नवी आली होती तेव्हा तिनं हसून विचारलं होतं, सर, ही ओळ कशाला वाया घालवता? त्यानं बाबांचं वाक्य सांगितलं. तिनं ते वहीत उतरवून घेतलं. ती सगळंच वहीत उतरवायची, तारीख घालून, आणि संध्याकाळी वही पुढे करायची, बघा सर, बरोबर लिहिलं का? तो पेन्सिलनं बारीक खूण करायचा. ऑफिसातली बाकीची पोरं तिची टिंगल करायची, लुबना मॅडमची चौथी अजून सुटली नाही म्हणायची. ती म्हणायची, तुमची तर अजून सुरूच झाली नाही.

ताजनापेठेत वाहेदभाईंचं बाइंडिंगचं दुकान आणि वर घर. लुबनाचे वडील. कचेऱ्यांची रजिस्टरं, मुलांची पुस्तकं, जुनी कुराणं, जे येईल ते बांधून द्यायचे. दारातच खळीचा आंबट वास आला. वाहेदभाईंनी पाठ वाकवून सुतळीचा टाका ओढला, वर पाहिलं आणि उठून उभे राहिले. “या सर, या. उन्हाचं काहून आले? फोन केला असता तर मीच आनून देल्ला असता लॅपटॉप.” त्यांनी स्टूल पुसून दिलं. आत बघून बायकोला हाक मारली, “अगं नईमा, पानी दे, गुरुजींचा पोरगा आला.” मग हळू म्हणाले, “पोरगी चार दिस झाले, धड जेवून नाही राहिली. निस्ती त्या पडद्यासमोर बसून राह्यते. म्हन्ते, अब्बू, माह्यं काय चुकलं ते सापडून नाही राह्यलं. सापडलं असतं तर बरं झालं असतं म्हन्ते.”

धर्मपालनं पाणी घेतलं. आता, त्याला वाटलं. तोंडात पाणी होतं. त्यानं ते गिळलं.

“आमची दुनिया वेगळी सर,” वाहेदभाई म्हणाले, “मले त्यातलं काही समजत नाही. ते समजावते मले. अब्बू, एक मशीन हाय, ते पुस्तक छापते. आन् त्या पुस्तकात आपन हातानं काही लिवलं तर पुढच्या छपाईत ते राह्यत नाही. म्या म्हनलं, हे तर किसनराव गुरुजींचं झालं!” ते हसले. पुढचे दोन दात नव्हते. “तुमाले माह्यीत असंन. गुरुजी आमच्या पुस्तकात पेन्सिलनं उत्तर सुधरवत.”

“हो,” धर्मपाल म्हणाला. “मी टोक करून द्यायचो.”

“आन् पोस्टकार्ड?”

“कसलं पोस्टकार्ड?”

“अरे! तुमाले नाही माह्यीत?” वाहेदभाईंनी सुई खाली ठेवली. “पेन्सिलीचं काम झालं की गुरुजी वर्गात एक पोस्टकार्ड लिवत. पुस्तक छापनाऱ्याले. अमुक पान, अमुक उत्तर, असं असं पाह्यजे. आन् मले धाडत डब्ब्यात टाकाले. म्या मानीटर होतो ना. म्या एक डाव म्हनलं, गुरुजी, पुस्तकं तर सुधरवली तुमी, आता काहून कार्ड? तर म्हने, वाहेद, हे बेचाळीस पोरं पास होऊन जातीन. पुढच्या साली नवी पुस्तकं येतीन, थ्याच चुका घेऊन. म्या नसलो मंग? पेन्सिल आजच्यासाठी, कार्ड उद्यासाठी.” ते सुतळीला मेण लावू लागले. “म्या चौथीतून गेलो, मंग दुसऱ्या पोराच्या हातून धाडत असतीन. पाच-सहा सालं लागले म्हन्तात. मंग एका साली पुस्तक आलं तर तीनही उत्तरं बरोबर. गुरुजींनी त्या दिवशी पेढे नाही वाटले, काही नाही. निस्ती पेन्सिल खिशात ठेवली म्हने.”

वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. धर्मपाल पेन्सिलींना टोक करत होता त्या वेळी पोस्टकार्डं शाळेत लिहिली जात होती, आणि बाबांनी घरी त्याचा कधी उच्चार केला नव्हता. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलं नसेल. मुलगा शेजारी बसून बघतो आहे तेवढंच शिकतो आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नसेल. त्याला एकदम बाबांचा राग आला. खरोखरचा, गरम. मेलेल्या माणसावर असा राग येतो हे त्याला माहीत नव्हतं. मग राग गेला आणि मागे काहीच राहिलं नाही, फक्त खळीचा वास.

लुबना वर खिडकीपाशी बसली होती. तिनं ओढणी सावरली, उठली, “सर, बसा.” डोळ्यांखाली काळं झालं होतं, पण केस नीट विंचरलेले. टेबलावर लॅपटॉप, त्याची पिशवी, तार गुंडाळून रबर लावलेली. शेजारी ती वही. आणि काही छापलेले कागद. “सगळं तयार ठेवलंय सर. मॅडमचा फोन होता. लॅपटॉप परतीच्या कागदावर मी सही पण करून ठेवलीय.” तो बसला. पायऱ्या चढून आल्यामुळे धाप लागली आहे असं त्यानं दाखवलं, आणि थोडी लागलीही होती. खाली वाहेदभाईंचा हातोडा पुस्तकाच्या पाठीवर पडत होता, ठक, ठक, मग थांबून ठक.

“पुढं काय करणार?” त्यानं विचारलं.

“बघते. अहवालात नाव आलं की कोण घेणार, सर. ज्या पोरीनं कर्करोगवाल्यांचे फोटो पुसले ती पोरगी.” ती हे रडून म्हणाली नाही. दुसऱ्या कोणाचा पत्ता सांगावा तसं म्हणाली. “खरं सांगू का, मला नोकरीचं तेवढं नाही. मला झोप नाही येत ते वेगळ्यासाठी. माझं चुकलं असेल तर कुठं चुकलं ते कळायला पाहिजे ना? नाहीतर मी पुढे पुन्हा तेच करीन.”

“कळेल,” तो म्हणाला.

“मी मार्चची प्रत चार वेळा चालवली, सर. स्वच्छ करून, नव्यानं उतरवून. त्या ओळी यंत्र लिहीतच नाही. मॅडम म्हणतात तुझं मशीन बिघडलं. मग मी मार्चची फाईलच छापून घेतली.” तिनं कागद त्याच्यापुढे सरकवले. “हे बघा. वरून खाली साडेतीनशे ओळी, सगळ्या एकाला एक चिकटून. यंत्र तसंच लिहितं. मग या चार. आणि मग हे.”

तिचं बोट कागदावर होतं. नखाला खळ लागून वाळली होती, वडिलांना मदत केली असावी. बोटाखाली काही नव्हतं. वर चार ओळी, खाली पुसण्याची आज्ञा, आणि मध्ये पांढरी, करंगळीच्या नखाएवढ्या उंचीची रिकामी जागा. धर्मपाल तिच्याकडे बघत राहिला. साडेतीनशे ओळींत ती एकटीच होती. कोणी आपलं नाव लिहिलं असतं तरी ते इतकं मोठं दिसलं नसतं.

“यंत्र अशी ओळ सोडत नाही ना, सर?”

हातोडा थांबला होता. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी सारखी वाजवत होतं. तिनं मान वर केली नव्हती. तिचे डोळे कागदावर होते, बोट त्या जागेवर होतं, आणि तिचा आवाज शिकणाऱ्याचा होता, त्यात काटा नव्हता. ती वाट बघत होती. तिनं त्याच्यासाठी दार उघडं करून ठेवलं होतं आणि स्वतः बाजूला उभी राहिली होती, एवढं त्याला समजलं. एकच शब्द लागत होता. तो शब्द त्याच्याजवळ होता, बडनेऱ्यापासून होता. त्याला ती फाईल मांडीवर घेतलेली बाई दिसली. मग नीलमनं दिलेला शर्ट दिसला, स्वतःच्या अंगावरचा, बगलेत भिजलेला. पान बारा दिसलं. घड्याळात साडेतीन झाले होते.

“सोडतं,” तो म्हणाला. “कधीकधी.”

त्याचा आवाज नेहमीसारखाच आला. शिकवताना येतो तसा, सावकाश. त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

लुबनानं बोट उचललं. तिनं खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या पत्र्यावर कोणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या. मग तिनं वही ओढली, रिकाम्या ओळीचं ते जुनं पान काढलं आणि लिहू लागली. तिचं अक्षर मोठं होतं, समोरूनही वाचता येत होतं. ‘यंत्रही कधीकधी रिकामी ओळ सोडते.’ लिहून झाल्यावर तिनं वही फिरवून त्याच्यापुढे ठेवली आणि पेन्सिल ठेवली वहीवर.

“बघा सर,” ती म्हणाली, “बरोबर लिहिलं का?”

खालून वाहेदभाईंनी विचारलं, “सर, चहात साखर चालंन ना?” आणि त्यानं “चालेल” म्हणून उत्तर दिलं. पेन्सिलीला नुकतंच टोक केलेलं होतं. लाकडाचा वास आला. त्यानं वाक्याच्या शेवटी बारीक खूण केली, वही उलटी फिरवली, तिच्याकडे सरकवली. लुबनानं ती खूण पाहिली. मान हलवली, जशी नेहमी हलवायची. मग खाली एक ओळ रिकामी सोडून तिनं तारीख घातली.